जवानाचा दुसरा आजार आणि घरातली बाई

(नागरा, जि. गोंदिया येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीचा विषय कळल्यावर तुमच्यापैकी दोघी-तिघींनी मला विचारले, "ताई, फौजेची पेन्शन हा बायकांचा प्रश्न कधीपासून झाला?" विचारणे रास्त आहे. जमीन, दारू, मारहाण, रेशन, रोजगार हमी हे आपले प्रश्न. पेन्शन म्हटली की पुरुषाच्या नावाचा कागद, पुरुषाचे खाते आणि पुरुषाची सही. पण तो जवान फौजेतून मोडक्या शरीराने घरी येतो तेव्हा त्याला उचलते कोण, मलमूत्र काढते कोण, रात्री तो ओरडत उठला की मुलांना घेऊन ओसरीवर जाऊन बसते कोण? आणि तो गेल्यावर "तुमच्या नवऱ्याच्या मरणाचा सेवेशी संबंध नाही" असे पत्र येते ते कोणाच्या नावाने? म्हणून हा प्रश्न आपला.

आपल्याकडे तो जास्तच आपला आहे. साताऱ्याकडे अपशिंगे मिलिटरी किंवा कोल्हापूरकडे सैनिक टाकळी अशी गावे आहेत. तिथे घरटी फौजी. बोर्ड म्हणजे काय, अपील कधी करायचे, हे तिथल्या म्हाताऱ्यासुद्धा सांगतील. आपल्या धानाच्या पट्ट्यात गावात एखाद-दुसरे घर फौजीचे. त्या घरातल्या बाईला शेजारीण सांगू शकत नाही, कारण शेजारणीलाही ठाऊक नाही. लष्कराचे रुग्णालय कामठीला, न्यायाधिकरण मुंबईला, पेन्शनचा हिशेब प्रयागराजला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, पण तिथे काय विचारायचे हे माहीत असल्याशिवाय जाऊन उपयोग थोडा.

आज मला सगळी पेन्शन सांगायची नाही, एकच गाठ सोडवायची आहे. पहिल्या आजारातून दुसरा आजार उपजतो, त्या दुसऱ्या आजाराचे काय? सरकारी भाषेत अशा आजाराला 'दुय्यम' म्हणतात. दुय्यम म्हटलेल्या गोष्टीचे कागदावर काय होते, हे आपण बायका चांगले जाणतो.

एका बाईची हकीकत सांगते. नाव, गाव सांगणार नाही. नवरा सोळा-सतरा वर्षे नोकरीत. उंचावरच्या बर्फाळ ठाण्यावर पडला, डावा गुडघा आणि खुबा मोडला. निवृत्त होताना मेडिकल बोर्डाने ही दुखापत सेवेमुळे झाल्याचे मान्य केले, पेन्शनही सुरू झाली. पुढे काय झाले ते बाईच्या शब्दांत सांगते: "एका पायावर भार देऊन देऊन दुसरा पाय गेला. मग कंबर गेली. दुखण्याच्या गोळ्या तर तो मुरमुऱ्यासारख्या खाय." पाच वर्षांत मूत्रपिंड गेले आणि तो घरीच वारला. पेन्शन आली ती साधी कुटुंब पेन्शन. कार्यालयाचे म्हणणे, अपंगत्व गुडघ्याचे होते आणि मरण मूत्रपिंडाने झाले, दोन्ही वेगळे. तिने पाहिले ते एकच आजारपण होते. गुडघा, गोळ्या, मूत्रपिंड अशी सरळ साखळी तिच्या डोळ्यांपुढे घडली होती. पण ती साखळी एकाही कागदावर नव्हती.

साध्या आणि विशेष कुटुंब पेन्शनमध्ये फरक किती? साधी कुटुंब पेन्शन, सुरुवातीची वाढीव मुदत संपली की, शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. मरण सेवेशी जोडलेले आहे असे मान्य झाले तर विशेष कुटुंब पेन्शन ६० टक्के. म्हणजे दुप्पट. बाईच्या उरलेल्या आयुष्याचा हा हिशेब आहे.

आता नियम पाहू. नियमात दोन शब्द आहेत. आजार सेवेमुळे 'झालेला' असावा किंवा सेवेमुळे 'बळावलेला' असावा. बहुतेक अर्जांत पहिलाच शब्द लिहिलेला असतो. आजार मुळात उपजत असेल, पण नोकरीतल्या थंडीने, उंचीने, जागरणाने, ताणाने वाढला असेल तरी हक्क तोच आहे. म्हणून अर्जात दोन्ही शब्द आलेच पाहिजेत.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. २००८ च्या नियमांत सात वर्षांची तरतूद आहे. निवृत्तीच्या वेळी आजार नव्हता, पण नंतरच्या सात वर्षांत दिसला, आणि त्याची सुरुवात नोकरीतल्या परिस्थितीत झाली होती असे वैद्यकीय दृष्टीने दाखवता आले, तर तो सेवेमुळे झालेला धरता येतो. त्याच नियमात पुढे आहे, आणि हे प्रत्येकीने लिहून घ्या: अपंगत्वाची पेन्शन घेणारा माणूस घरी वारला, आणि मरण नेमके त्याच अपंगत्वाने झाले की नाही हे डॉक्टरी दृष्टीने पक्के ठरत नसेल, तर निवृत्तीपासून सात वर्षांच्या आत संशयाचा फायदा कुटुंबाला द्यायचा, दावा कमकुवत करणारे दुसरे काही कारण नसेल तर. सात वर्षांनंतर तोच फायदा सरकारकडे जातो. आपल्या त्या बाईचा नवरा सहाव्या वर्षी वारला होता. तिला आलेल्या पत्रात या नियमाचा उल्लेखही नव्हता. तिची दुसरी अपील आता त्याच आधारावर उभी आहे.

आणखी एक आकडा, १५ वर्षांचा. २००८ च्या नियमांप्रमाणे दावेदाराला सहसा स्वतः पुरावा देत बसावे लागत नाही. पण निवृत्तीनंतर १५ वर्षे उलटून दावा केला तर सिद्ध करण्याची जबाबदारी दावेदारावर येते. तेव्हा "पोराचे लग्न होऊ दे, मग बघू" हे चालणार नाही.

जुन्या, १९८२ च्या नियमांत जवानाची बाजू आणखी भक्कम होती. भरती होताना त्याला निरोगी म्हणून घेतले, आजाराची नोंद केली नाही, तर आजार सेवेतच झाला असे धरून चालायचे. धरमवीर सिंग या सिग्नल्समधल्या शिपायाचे प्रकरण याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ मध्ये भरती, फिट्स येऊ लागल्या, १९९४ मध्ये २० टक्के अपंगत्वावर घरी पाठवले. बोर्डाने लिहिले, आजार उपजत, सेवेशी संबंध नाही. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितले की भरतीच्या वेळी नोंद नव्हती आणि बोर्डाने कारणेही दिली नाहीत, तेव्हा संबंध नाही असे म्हणता येणार नाही. २०१५ च्या राजबीर सिंग प्रकरणात हेच पुन्हा सांगितले गेले. आपला माणूस कोणत्या साली सुटला त्यावर कोणते नियम लागू हे ठरते, म्हणून डिस्चार्ज बुकातली तारीख सगळ्यात आधी बघायची. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना वेगळे नियम आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या कागदांवर 'इम्पेअरमेंट रिलीफ' असा नवा शब्द दिसेल. त्या कुटुंबांनी आज मी सांगितलेले जसेच्या तसे लावू नये.

अमेरिकेत सैनिकांच्या नियमात ही गोष्ट सरळ लिहिलेली आहे. सेवेशी जोडलेल्या आजारातून दुसरा आजार झाला तर तोही सेवेशी जोडलेला, आणि पहिल्यामुळे दुसरा जुना आजार वाढला तर ती वाढसुद्धा. आपल्याकडे अशी स्वच्छ ओळ नाही. 'झालेला', 'बळावलेला' आणि सात वर्षे, या तीन दोऱ्यांनीच आपल्याला साखळी ओवावी लागते.

आता टक्केवारी. अपंगत्वाचा भाग १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो. समजा पगार ४०,००० होता. १०० टक्क्यांना १२,००० रुपये. २० टक्क्यांना हिशेबाने २,४०० होतील. पण टक्केवारी वर उचलून धरायची पद्धत आहे: ५० च्या आतली ५० धरायची, पुढे ७५, पुढे १००. म्हणजे २० टक्केवाल्याला ६,००० मिळतात. नोकरीची मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हे लागू आहे, हे २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. ही सगळी गणिते २० टक्क्यांपासून सुरू होतात. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याचे अपंगत्व २० च्या खाली असेल तर हाती शून्य. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पक्के केले. आजारपणामुळे मुदतीआधीच घरी पाठवले असेल तर गोष्ट वेगळी. सुखविंदर सिंग प्रकरणात २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले की अशा वेळी अपंगत्व २० च्या वरच धरायचे.

दुसरा आजार इथे महत्त्वाचा ठरतो. एकट्या कानाचे १५ टक्के म्हणजे काही नाही. पण कानाबरोबर तोल जाणे, चक्कर हेही मान्य झाले आणि एकत्रित टक्केवारी २० वर गेली, तर शून्याचे ५० होतात. एकत्रित टक्केवारी ही साधी बेरीज नसते, १५ आणि १० मिळून २५ होतीलच असे नाही. तरीही दुसरा आजार दाव्यात घातल्याशिवाय तिथे पोचणारच नाही. पेन्शन आधीच सुरू असेल आणि मूळ अपंगत्व वाढले असेल तर फेरतपासणी मागता येते. कायमचे ठरलेले अपंगत्व तो स्वतः मागत नाही तोवर पुन्हा तपासले जात नाही. सरकार आपणहून बोलावून "वाढले का?" असे विचारणार नाही.

मधुमेह आणि रक्तदाब यांबद्दल थोडेच सांगते. "जीवनशैलीचा आजार, शांत ठिकाणी नेमणूक होती, संबंध नाही" असा शिक्का मारायची सवय आहे. २०२५ च्या मार्च महिन्यात गवस अनिल मडसो या माजी सुभेदाराच्या मधुमेहाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने, शांत ठिकाणी असताना आजार झाला एवढे कारण पुरेसे नाही, असे सांगितले. ज्यांचा मधुमेह मान्य झाला त्यांचे पुढचे डोळे, पाय, मूत्रपिंड हे सगळे साखळीत येते. ते कागदावर आणा.

आता ज्या भागावर मला जास्त बोलायचे आहे तिकडे येते. मनाचे आजार.

आपल्या समुपदेशन केंद्रांत फौजी घरातल्या बाया येतात त्या पेन्शनसाठी येत नाहीत. मार खाऊन येतात. विचारत गेले की कळते, तो आधी असा नव्हता. सुट्टीवर यायचा तेव्हा हसायचा, खेळायचा. एका पोस्टिंगनंतर झोप गेली. भिंतीकडे बघत बसायचा. फटाका वाजला की खाटेखाली. घरचे म्हणाले बाहेरचे लागले आहे, पुजाऱ्याकडे नेले, मग दुसऱ्या पुजाऱ्याकडे. दोन-तीन वर्षे गेली. पुजारी पावती देत नाही. तेव्हा कागदांत तीन वर्षांची भली मोठी पोकळी पडते, आणि बोर्ड विचारते, मधल्या काळात तर माणूस ठीक होता ना? या काळात दारू सुरू झालेली असते. शेवटी दवाखान्यात नेतात तेव्हा चिठ्ठीवर पहिला शब्द लिहिला जातो दारू.

हा शब्द दाव्याचा गळा कापतो. नियमांत स्पष्ट आहे की दारू, तंबाखू, नशेच्या अतिरेकातून आलेल्या अपंगत्वाला किंवा मरणाला भरपाई नाही, कारण ते माणसाच्या स्वतःच्या हातात असते. मग एखादी कार्यकर्ती बाईला सांगते, "डॉक्टरांना दारूचे सांगू नको." मला हे अजिबात मान्य नाही. खोटे कागदावर टिकत नाही, आणि दारू लपवली की मारही लपवावा लागतो. सांगायचे ते खरे सांगायचे, पण क्रमाने सांगायचे. आधी काय बदलले, झोप कधी गेली, कोणत्या पोस्टिंगहून आल्यावर गेली, दारू त्याच्या आधी होती की नंतर आली. डॉक्टरला हा क्रम बाईच सांगू शकते. त्याला स्वतःला तो आठवत नाही, आणि आठवला तरी पुरुष डॉक्टरपुढे "मला भीती वाटते" म्हणत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून कठीण. दावा चालू आहे म्हणून बाईने मार सहन करावा का? काही घरांत सासू-सासरे, आणि खेदाने म्हणते, काही सल्लागारही सांगतात, "पोलिसात जाऊ नको, त्याची पेन्शन जाईल." आजार हे मारण्याचे लायसन्स नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तिला संरक्षण मागता येते, राहत्या घराचा हक्क मागता येतो, आणि त्याच वेळी त्याच्या आजाराचा दावाही चालवता येतो. तक्रारीत वागण्यातला बदल आणि उपचार यांची खरी हकीकत यावी एवढे पाहायचे. उपचार मिळणे ही तिच्या सुरक्षिततेचीही गोष्ट आहे. तिला घर सोडावे लागले तर ती सोडेल, आणि आपण तिच्या बाजूने उभ्या राहू, दाव्याचे काय व्हायचे ते होवो.

मनाच्या आजारांच्या बाबतीत न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत, हे जाणून ठेवा. २०१९ मध्ये नरसिंग यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियाचा दावा फेटाळला आणि वैद्यकीय बोर्डाचे मत सहज बाजूला सारता येणार नाही असे म्हटले. २०२५ मध्ये राजुमोन प्रकरणात त्याच आजारावर जवानाच्या बाजूने निकाल दिला, कारण बोर्डाने आपल्या मताला कारणेच दिली नव्हती. म्हणून नकाराचे पत्र आले की रडत बसण्याआधी एक गोष्ट पाहायची: 'संबंध नाही' या शब्दांपुढे 'कारण' काही लिहिले आहे का? कोरा शिक्का असेल तर तीच आपली अपील.

ते पाहायचे तर बोर्डाचे मूळ कागद हवेत. नुसते पत्र पुरत नाही. निवृत्तीच्या बोर्डाचा फॉर्म एएफएमएसएफ-१६ म्हणून ओळखला जातो. त्याची प्रत त्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागायची, मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात मागायची. मग पहिली अपील, नकाराचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत. ती फेटाळली तर दुसरी, तीही सहा महिन्यांत. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते आले, २००९ पासून काम करते, आपल्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईला. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. खर्च, मुक्काम, सोबत हे सगळे आलेच, पण प्रत्येक तारखेला बाईने जायलाच हवे असे नाही, वकील जातो. तिथेही नाही झाले तर उच्च न्यायालयात जाता येते, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. सीआरपीएफ, बीएसएफमधल्या जवानांच्या घरांनी मात्र लक्षात ठेवावे की त्यांचे पेन्शनचे नियम वेगळे आहेत आणि हे न्यायाधिकरण त्यांच्यासाठी नाही.

मुदत उलटली असेल तर? दाव्याला उशीर झाला तरी पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने डावलला जातो, म्हणून दार कायमचे बंद होत नाही. पण तरसेम सिंग प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मागची थकबाकी साधारण तीन वर्षांचीच मिळेल. म्हणजे जितका उशीर तितके पैसे बुडाले.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मला दर बैठकीत येतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. गोंदियाच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. २०२५ च्या जुलैमध्ये सैनिकांच्या कुटुंबांसाठी 'वीर परिवार सहायता योजना' सुरू झाली आहे, तिच्यात सैनिक कल्याण मंडळांमधूनच कायद्याची मदत द्यायची आहे. तिचे नाव घेऊनच विचारा.

डॉक्टरच्या दाखल्याबद्दल सांगते, कारण तिथेच बहुतेक साखळ्या तुटतात. दाखल्यात नुसते आजाराचे नाव असते: 'मूत्रपिंडाचा जुनाट विकार'. त्याने काही होत नाही. दाखल्यात 'मुळे' यावे लागते. अमुक दुखापत, तिच्यासाठी इतकी वर्षे अमुक गोळ्या, त्यामुळे मूत्रपिंडावर परिणाम होण्याची शक्यता आहे, असे. डॉक्टरला खोटे लिहायला सांगायचे नाही. जुन्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून पुढे ठेवायच्या आणि विचारायचे, "डॉक्टर, या दोन्हींचा संबंध आहे का? असेल तर तेवढे लिहून द्या." संबंध नसेल तर तो नाही म्हणेल, तेही कळलेले बरे. बाईचे प्रतिज्ञापत्र डॉक्टरच्या मताची जागा घेत नाही. पण डॉक्टरने पाहिले नाही ते तिने पाहिले आहे: कधी काठी घेतली, कधी जिना बंद झाला, दिवसाला किती गोळ्या, कोणत्या महिन्यात पाय सुजले. लिहिता येत नसेल तर बचत गटाच्या वहीत मुलीकडून लिहून घ्या. रोवणी, कापणी, दिवाळी, नागऱ्याची महाशिवरात्रीची जत्रा यांच्या आधाराने महिने बरोबर आठवतात, हा माझा अनुभव आहे.

शंभर टक्के अपंग आणि सतत कोणीतरी जवळ लागते अशा माणसासाठी सतत सोबतीचा वेगळा भत्ता आहे. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना ६,७५० रुपये ठरला. मंडळाची शिफारस लागते. चोवीस तासांच्या बाईच्या कामाचे दिवसाला सव्वादोनशे रुपये होतात, रोजगार हमीपेक्षाही कमी! तरी मागा. मागितल्याशिवाय तेही नाहीत.

शेवटचे, मोबाईलचे. २०२१ पासून 'स्पर्श' नावाच्या संगणकीय व्यवस्थेत पेन्शन जाते. तिथे नोंदवलेला नंबर बहुतेक घरांत नवऱ्याचा असतो. तो गेला, मुलाने सिम बंद केले, आणि निरोप कुठे जातात कोणालाच कळत नाही. तो हयात असतानाच पीपीओवर तुमचे नाव, जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का ते तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या कितीतरी जणींची फाईल या एका अक्षरावर अडकलेली मी पाहिली आहे.

ज्यांनी डिस्चार्ज बुक आणि पीपीओ सोबत आणले आहे त्यांनी चहानंतर मागच्या खोलीत या. आज तारखा तपासू, सात वर्षांच्या आतली घरे आधी घेऊ.